रस्त्यावरचा चेहरा आणि शहराची स्मृती

शहरांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात राजवाडे येतात, पूल येतात, युद्धे आणि तह येतात. कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी, गल्लीत खेळणारी मुले, सुटीच्या दिवशी बाजारात हिंडणारी माणसे यांना त्यात स्थान नसते. वास्तविक माणूस ज्याला 'आपले गाव' म्हणून आठवतो ते ह्याच गोष्टींचे बनलेले असते. जपानमधील रस्त्यावरच्या छायाचित्रणाची परंपरा विचारात घेण्याजोगी आहे ती ह्या कारणाने.

किनेओ कुवाबारा (१९१३–२००७) यांचेच उदाहरण घेऊ. १९३० नंतरच्या दशकात हौशी छायाचित्रकार म्हणून ते टोकियोच्या आसाकुसा, उएनो ह्या सामान्यजनांच्या वस्त्यांतून हिंडत आणि दिसेल ते टिपीत. त्या काळी त्या चित्रांत कोणाला असाधारण असे काही वाटण्याचे कारण नव्हते. परंतु १९४५ च्या ९ व १० मार्चच्या दरम्यानच्या रात्री अमेरिकन विमानांनी पूर्व टोकियोवर अग्निवर्षाव केला. सुमारे एक लाख माणसे मेली. लाकडी घरांच्या दाट वस्त्या राख झाल्या. पुढे १९७४ साली कुवाबारांची चित्रे 'टोकियो, शोवा ११' (म्हणजे १९३६) ह्या नावाने पुस्तकरूपाने आली. चित्रे तीच होती. त्यांतले कित्येक रस्ते मात्र उरले नव्हते. सामान्य दिवसाचे मोल तो दिवस हरवल्यावरच कळते, हे त्या पुस्तकाने दाखविले.

युद्धोत्तर काळात ह्या छंदाला सामाजिक जाणिवेची जोड मिळाली. कुवाबारा संपादक असलेल्या 'कॅमेरा' मासिकात केन दोमोन १९५० पासून वाचकांच्या चित्रांचे परीक्षण करीत आणि रचून, सजवून काढलेल्या चित्रांना विरोध करीत. दोमोन यांनी चिकुहो येथील बंद पडत चाललेल्या कोळसाखाणींतील मुलांवर काढलेले पुस्तक १९६० साली जाडाभरडा कागद वापरून अवघ्या १०० येनला विकले गेले. ज्यांच्याविषयी ते होते त्यांच्यासारख्यांनाही ते विकत घेता यावे, हा त्यामागील विचार होता.

अशा चित्रांची किंमत जपानला २०११ साली फार कटू रीतीने कळली. ११ मार्चच्या भूकंपानंतर आलेल्या सुनामीने ईशान्य किनाऱ्यावरील गावे वाहून नेली. चिखलातून निघालेली छायाचित्रे स्वयंसेवकांनी एकेक करून धुतली, वाळविली आणि मालकांना ओळखता यावीत म्हणून मांडून ठेवली. मियागी प्रांतातील यामामोतो ह्या एका गावातच अशी सुमारे साडेसात लाख चित्रे गोळा झाली. घर गेलेली माणसे तेथे येऊन आपला भूतकाळ शोधीत होती.

ह्याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळता येणार नाही. वाटसरूच्या चेहऱ्यावर छायाचित्रकाराचा हक्क कोणता? पोलिसांनी घेतलेल्या छायाचित्रासंबंधीच्या एका खटल्यात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली, संमतीवाचून आपला चेहरा टिपला जाऊ नये, हे व्यक्तीचे स्वातंत्र्य मान्य केले. २०२० साली एका कॅमेरा कंपनीने, रस्त्यावर लोकांच्या अंगावर धावून जाऊन छायाचित्रे घेणाऱ्या कलावंताची जाहिरातफीत टीकेमुळे मागे घेतली. ही टीका रास्त होती. आजचे चित्र क्षणात जगभर पोहोचते. कुवाबारांचे चित्र जवळजवळ चाळीस वर्षे पेटीत थांबले होते. दोन्हींना एकच न्याय लावता येणार नाही.

तरीही भयापोटी सारे रस्ते निर्मनुष्य दाखविणे हा उपाय नव्हे. तसे झाल्यास पुढच्या पिढीला इमारती दिसतील, माणसे दिसणार नाहीत. टिपावे, पण दुखवू नये. आणि प्रसिद्ध करण्याची घाई करू नये, हाच मध्यममार्ग दिसतो.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, म्हणून स्मृती सुरक्षित आहे असे समजणे भ्रामक ठरेल. हजारो चित्रांच्या ढिगात दिनांक नाही, स्थळ नाही, नाव नाही. विद्यार्थ्याने आपल्या गल्लीची, शिक्षकाने आपल्या शाळेच्या वाटेची दहा चित्रे निवडावीत, कागदावर उतरवावीत आणि मागे स्थळ व वर्ष लिहून ठेवावे. शहराचा इतिहास इतरांनी लिहिला तरी त्याची स्मृती नागरिकांनीच जपावयाची असते.