मोटर विकतची, बाकी सगळं घरचं

पुठ्ठ्याची एक छोटी नळी. व्यास 18 मिलिमीटर, लांबी 70. एका टोकाला मातीत पाडलेलं बारीक भोक, दुसरं टोक मातीनेच बंद. अंगावर छापलंय : सी6-5. मॉडेल रॉकेटची मोटर म्हणतात ती हीच. अमेरिकेत छंदाच्या सामानाच्या दुकानात ती पाकिटात घालून खुंटीला टांगलेली असते, शेजारी बाल्सा लाकडाच्या पट्ट्या आणि गोंदाच्या बाटल्या.

त्या छापील खुणेत सगळं आहे. अक्षर म्हणजे मोटरची एकूण ताकद. ए म्हणजे जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, बी पाच, सी दहा, डी वीस. अक्षर पुढे सरकलं की ताकद दुप्पट. 6 हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचे 5 म्हणजे इंधन संपल्यावर पाच सेकंद थांबायचं आणि मग पॅराशूट बाहेर ढकलायचं. हे थांबणं काही घड्याळाने होत नाही. नळीत आधी दाबून भरलेली बंदुकीची दारू असते, तिच्या पुढे सावकाश जळणारा, धूर सोडणारा थर आणि त्याच्याही पुढे चिमूटभर दारू. मधला थर जळायला जो वेळ लागतो तेच घड्याळ. शेवटची चिमूट पेटली की तिचा वायू पुढच्या बाजूला जोर लावतो, नाकाडाचं टोपण उडतं आणि पॅराशूट बाहेर पडतं.

ही नळी विकतच घ्यायची, ती उघडायची नाही, तिच्यात काही भरायचं नाही. या छंदातला हा पहिला नियम. तो आला त्यामागे बरीच किंमत मोजलेली आहे. 4 ऑक्टोबर 1957 ला स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटचं वेड लागलं. लोखंडी पाइपात जस्ताची पूड आणि गंधक ठासून परसात पेटवायचं, असा प्रकार सुरू झाला. पाइप फुटत, बोटं जात, डोळे जात, कधी जीवही जाई.

यावरचा उतारा त्याआधीच तयार होता. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल नावाचा चपला-बुटांचा दुकानदार होता. त्याला शोभेच्या दारूचा नाद, त्याच्या भावाला मॉडेल विमानांचा. 1954 मध्ये कार्लाइलने कागदाची नळी, बाल्साचे पंख आणि बदलता येणारी पुठ्ठ्याची मोटर असं रॉकेट करून उडवलं. पुढे त्याने आपला नमुना जी. हॅरी स्टाइनला पाठवला. स्टाइन न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे खऱ्या क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांवर काम करायचा. पोरांचे अपघात त्याला अस्वस्थ करत होते. 1957 मध्ये त्याने हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना उभी केली आणि मॉडेल रॉकेटं विकणारी कंपनीही काढली. हाताने भरलेल्या मोटरी मागणीला पुरेनात, तेव्हा डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेसने त्या भरणारं यंत्र बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं मेबल. धोक्याचं काम यंत्राकडे आणि कारखान्याकडे गेलं. माणसाकडे उरलं ते सुतारकाम, रंगकाम आणि हिशेब. माझ्या मते या छंदाचा सगळा गोडवा या वाटणीत आहे.

कारण उरलेलं कामही थोडं नाही. ओहायोतल्या आमच्या घरी जेवणाचं टेबल हाच रॉकेटचा कारखाना. लेकीने पहिल्यांदा पंख कापायला घेतले तेव्हा आधी तिला दोन तुकडे वाकवून दाखवले. बाल्साच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर असतील, तर तुकडा बोटाने वाकवला तरी टिकतो. रेषा नळीला समांतर गेल्या, तर बुडाशीच कट्‌कन मोडतो. कापल्यावर सगळे पंख एकावर एक ठेवून, घट्ट धरून कडा एकदमच पॉलिश पेपरवर घासायच्या, म्हणजे ते एका मापाचे होतात. मग एकेक सुटा घेऊन पुढची कड गोलसर करायची आणि मागची निमुळती. नळीला चिकटणारी कड मात्र सपाटच ठेवायची.

पंख नळीवर सरळ बसले पाहिजेत, पण गोल नळीवर सरळ रेघ ओढायची कशी? नळी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात टेकवायची आणि चौकटीच्या कडेने पेन्सिल ओढायची. महागडं उपकरण यापेक्षा जास्त काही करत नाही. गोंद लावायचीही रीत आहे. पंखाच्या कडेला आणि नळीवरच्या रेघेवर पातळ गोंद लावून वाळू द्यायचा. मग पुन्हा एक पातळ हात देऊन दाबायचं. मिनिटभरात पंख जागेवर धरतो, हाताने टेकू देत बसावं लागत नाही. पुरता वाळला की पंख आणि नळीच्या सांध्यात गोंदाची धार सोडून बोट फिरवायचं. ही गोंदाची गोलाई सांध्याला बळ देते आणि हवेचा अडथळाही कमी करते. मोटर बसवायचा साचा नळीत सरकवताना मात्र दमादमाने काम करायचं नाही. ओल्या गोंदाने कागद फुगतो आणि साचा अर्ध्या वाटेवरच अडकतो. तो एका दमात ढकलायचा.

खरा वेळ खातं ते रंगकाम. बाल्सा सच्छिद्र; तसाच रंगवला तर लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पंख खरखरीत दिसतो. म्हणून आधी पातळ लांबी भरायची, घासायची, पुन्हा भरायची. नळी कागदाची पट्टी गुंडाळून केलेली असते, तिच्यावर पिळाची बारीक खाच दिसते, तीही भरायची. मग प्रायमरचा हात आणि पाण्यातला बारीक पेपर. प्रायमर लावला की आधी न दिसलेली प्रत्येक उणीव उघडी पडते आणि पुन्हा घासणं आलं. गुळगुळीत रॉकेट उंच जातं हे खरं. रंगाचं वजन त्याला खाली ओढतं हेही खरं. म्हणून हात पातळ आणि मोजके.

आता हिशेब. रॉकेटचा गुरुत्वमध्य हा त्याच्यावर पडणाऱ्या हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका पुढे असावा लागतो. तसा असला तर वाऱ्याने नाक ढळलं तरी पंख त्याला परत सरळ करतात. उलट असेल तर रॉकेट हवेत कोलांट्या घेतं. नासातल्या जेम्स बॅरोमनने 1966 मध्ये दाबाचा मध्य काढायची सुटसुटीत समीकरणं हौशी लोकांपुढे मांडली. आज ओपनरॉकेट हा मोफत प्रोग्रॅम तेच काम पडद्यावर करून देतो. तरी जुनी परीक्षा अजून चालते : मोटर बसवलेलं रॉकेट तोलबिंदूला दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे करून फिरलं तर पास.

उड्डाणं होतात मका निघून गेलेल्या शेतात. क्लबचे लोक सकाळी रॉकेटं उभी करायच्या लोखंडी दांड्यांची रांग लावतात. प्रत्येक रॉकेट आधी सुरक्षा पाहणाऱ्या माणसापुढे न्यायचं. तो पंख ओढून बघतो, नाकाडाचं टोपण किती घट्ट आहे ते बघतो, मोटर कोणती ते विचारतो. टोपण सैल असेल तर रॉकेट वेगात असतानाच निघतं, फार घट्ट असेल तर निघतच नाही. पॅराशूटवर टाल्कम पावडर भुरभुरायची, नाहीतर थंडीत प्लास्टिकच्या घड्या एकमेकींना चिकटतात. त्याच्याखाली न पेटणारा कागद कोंबायचा, म्हणजे शेवटच्या चिमटीच्या आगीने पॅराशूट वितळत नाही.

काडी कुणी ओढत नाही. मोटरच्या भोकात बारीक तार जाते, तिला वायरचे चिमटे लागतात आणि बटण निदान 15 फुटांवरून दाबलं जातं. डीपेक्षा मोठी मोटर असेल तर 30. वारा ताशी 20 मैलांच्या वर गेला की उड्डाण बंद. मोठ्याने उलटी गिनती होते, स्स्सकन आवाज येतो आणि दांडी रिकामी होते. सी मोटर दोन सेकंदही जळत नाही. उरलेला प्रवास रॉकेट मिळालेल्या वेगावर करतं, मागे धुराची बारीक रेघ. बटण दाबूनही काही झालं नाही तर बटणाच्या पेटीची चावी काढायची आणि मिनिटभर कुणी जवळ जायचं नाही. बहुतेकदा तारेचं टोक दारूला टेकलेलं नसतं, एवढंच.

खुणेतला शेवटचा आकडा किती महत्त्वाचा, ते तिथेच कळतं. शेजारच्या एका मुलाने जड रॉकेटात लांब मुदतीची मोटर घातली होती. रॉकेट माथ्यावरून वळलं, नाक खाली करून सुटलं आणि भर वेगात पॅराशूट उघडलं. दोरीने कागदी नळी वरून खालपर्यंत चिरत नेली. क्लबातले लोक याला झिपर म्हणतात. म्हाताऱ्या परीक्षकाने ती चिरलेली नळी हातात घेऊन पोराला दोरी कुठे कापत गेली ते दाखवलं, आणि पुढच्या वेळी कमी मुदतीची मोटर घे म्हणाला. वारा असेल तर पॅराशूटच्या मध्यावर भोक पाडायचं. रॉकेट जरा जोरात उतरतं, पण शेजारच्या रानात जात नाही. झाडावर अडकलं तर मिळेल तेव्हा मिळेल. विजेच्या तारेवर अडकलं तर ते गेलंच समजायचं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या मोटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाहीत. बंदुकीच्या दारूला आपल्याकडे स्फोटकांचा कायदा लागतो. म्हणून दिवाळीचा बाण उकलून त्यातली दारू दुसऱ्या नळीत भरायला जाऊ नका. अमेरिकेतल्या पोरांनी तो धडा बोटं गमावून घेतला आहे. त्यापेक्षा दोन लिटरची शीतपेयाची बाटली घ्या, तिसरा हिस्सा पाणी भरा, बुचातून सायकलचा पंप लावा आणि मोकळ्या मैदानात, लांब उभं राहून सोडा. पंख, तोल, नाकाचं वजन, पॅराशूट, सगळं तिथेही तेवढंच लागतं. पंख वाकडे बसले तर पाण्याचं रॉकेटही लगेच सांगतं.