चर्चच्या वह्यांतली जनुकं

इटलीतल्या पार्मा नदीचं खोरं डोंगरात सुरू होतं आणि सपाट शेतजमिनीत पसरतं. वर चिमुकली, एकलकोंडी गावं. खाली येत जावं तशी दाट वस्ती, आणि मग पार्मा शहर. १९५०च्या दशकात लुइजी लुका काव्हाल्ली-स्फोर्झा इथे लोकांचं रक्त गोळा करत होते. शिक्षणानं डॉक्टर, केंब्रिजला रोनाल्ड फिशर यांच्याकडे जिवाणूंची जनुकं अभ्यासून आलेले. त्यांना माणसांकडे वळवलं अंतोनियो मोरोनी या विद्यार्थ्यानं. हा विद्यार्थी चक्क पाद्री होता! चर्चच्या वह्यांत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू नोंदलेले असतात, हे त्यानं दाखवून दिलं. शतकानुशतकांच्या वंशावळी आयत्याच हाती आल्या. रविवारी मिसा, म्हणजे प्रार्थनाविधी, संपली की चर्चमध्येच रक्ताचे नमुने घेतले जात.

शोध होता योगायोगाचा. नाणं दहाच वेळा उडवलं तर सात-आठ छापे सहज पडतात. दहा हजार वेळा उडवलं तर निम्म्याच्या आसपासच. लहान गावातही एका पिढीतून दुसरीत कोणती जनुकं उतरतात, यात नशिबाचा वाटा असाच मोठा हवा. फिशर यांना मात्र हा वाटा किरकोळ वाटे. त्यांचा भर नैसर्गिक निवडीवर. शिष्याच्या हाती नेमकं उलटं लागलं. डोंगरातल्या शेजारशेजारच्या गावांत रक्तगटांचं प्रमाण बरंच वेगळं निघालं. हवा तीच, जेवण तेच, तरीही! खाली सपाटीवर हा फरक जवळजवळ मावळला. पुढे त्यांनी संगणकात खोट्या माणसांची गावं वसवली, वह्यांतल्या आकड्यांनुसार त्यांची लग्नं लावली, मुलं जन्माला घातली. निवडीला तिथे थाराच नव्हता. तरी गावागावांत जवळपास तेवढाच फरक उमटला.

चर्चनं आणखीही एक खजिना सांभाळला होता. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न हे रीतीला धरूनच. कॅथलिकांना मात्र नात्यातल्या लग्नासाठी चर्चची खास सूट लागते. त्या अर्जांवरून काव्हाल्ली-स्फोर्झांनी इटलीभरातल्या अशा लग्नांचा हिशेब मांडला. पुढे टेलिफोन डिरेक्टरीही त्यांच्या कामी आली, कारण आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, अगदी वाय गुणसूत्रासारखं.