सांडपाण्याचा हवाई प्रवास

२००१ मध्ये मिरज आणि मनमाड इथे पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग सुरू झाला. ऊसपट्ट्याला ही बातमी गोड लागली. मळीला हक्काचं गिऱ्हाईक मिळणार होतं. पण मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की मागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो, हे आसवनीच्या शेजारच्या गावांना फार आधीपासून ठाऊक होतं.

वाफाळता, आंबट, उकळून उकळून कडू झालेल्या काढ्याच्या रंगाचा हा द्रव. ओढ्यात सुटला की मासे तरंगायचे आणि बोभाटा व्हायचा. १९७४ च्या पाण्याच्या कायद्यानंतर तो नदीत सोडणं अवघड होत गेलं. मग तो लगूनमध्ये, म्हणजे भल्यामोठ्या उघड्या खड्ड्यांत, साठू लागला.

नदी जरा सुटली, हवा अडकली. लगूनच्या तळाशी प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू मिथेन सोडतात, द्रवातल्या सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड होतं. काळपट सायीतून बुडबुडे फुटत राहतात आणि वारा फिरला की जळक्या गुळात सडकी अंडी कालवल्यासारखा भपकारा थेट माजघरात शिरतो. मिथेनला मात्र वासच नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करणार? वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता अडवतो.

हवेचा कायदा आला १९८१ मध्ये. त्याची नजर धुराड्यावर. खड्डा पाण्याच्या खात्यात राहिला.

काही आसवन्यांनी शहाणपणाने बंद टाक्या बांधल्या आणि त्यातला बायोगॅस बॉयलरला दिला. मात्र गंधक धुऊन न काढता तो जाळला, तर सल्फर डायऑक्साइड ठरलेलाच. शिवाय टाकीतून निघणारं पाणी तपकिरीच. २००३ मध्ये केंद्राच्या सनदेने आसवन्यांना शून्य विसर्गाची मुदत घातली, तेव्हा ते प्रेसमडवर, म्हणजे साखर कारखान्यातल्या गाळावर, शिंपडून कंपोस्ट करण्यावर भर आला. पावसाळ्यात कंपोस्ट होत नाही, पुन्हा लगून.

२०१३-१४ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर आसवन्या वाढल्या; जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले, २०२५ मध्ये २०. अनेक नव्या आसवन्या स्पेंटवॉश आटवून काकवीसारखा दाट करतात आणि बगॅस किंवा कोळशासोबत बॉयलरमध्ये जाळतात. अखेर पाणी धुराड्यातूनच निघालं! आता मदार फिल्टरवर. त्यात सापडलेली पोटॅशयुक्त राख पोत्यांत भरून खत म्हणून विकली जाते. २०२१ मध्ये केंद्राने ती अनुदानाच्या यादीत घेतली.