उंची नव्हे, तेल

रायपूरच्या समता कॉलनीत घरासमोर उभ्या राहणाऱ्या थारला शहरातल्या डांबरावर काही कमी पडत नाही. तीच गाडी शहराबाहेर मुरमाच्या कच्च्या वाटेला लागली की हिशेब बदलतो. ट्रॅक्टर आणि डंपर फिरून फिरून अशा वाटेवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठतात. दोन लाटांमध्ये 70 सेंटिमीटर अंतर धरले आणि वेग ताशी 40 किलोमीटर, तर प्रत्येक चाकाला सेकंदाला जवळपास 16 धक्के बसतात. अशा वाटेवर जरा जोरात जायचे म्हणून मालक पहिल्यांदा काय करतो? गाडी दोन इंच उचलतो आणि जाडजूड टायर घालतो. गाडी रुबाबदार दिसते, यात वाद नाही. पण वेगाचा प्रश्न उंचीचा नसून शॉकअबमधल्या तेलाचा आहे, आणि खिशातला पहिला रुपया तिथेच जायला हवा.

स्प्रिंग धक्का गिळत नाही. तो उसना घेते आणि लगेच परत करते. तो खरोखर संपवण्याचे, म्हणजे त्याची उष्णता करून टाकण्याचे काम शॉकअबचे. आतला पिस्टन बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेल ढकलतो, तेल तापते, ती उष्णता नळीच्या पत्र्यातून हवेत जाते. साध्या शॉकअबमध्ये एकात एक दोन नळ्या असतात आणि तेलाच्या वरच वायू असतो. खडबडीत वाटेवर सलग घुसळण झाली की तेलाला फेस येतो. फेस दाबला जातो, विरोध करत नाही. मग चाक जमिनीला टेकायच्या आत पुढचा धक्का येतो, वळणावर मागची बाजू सरकते, ब्रेक लांबतो. एकनळी शॉकअबमध्ये एक तरंगता पिस्टन तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वेगळे ठेवतो, म्हणून फेस सहसा धरत नाही. तेलाची नळी थेट वाऱ्यात असल्याने ती निवतेही लवकर. लांब शर्यतींच्या गाड्यांना तेलाची वेगळी टाकी जोडतात ती याच कारणाने: तेल जास्त, तर तापायला वेळ जास्त.

नाशिकला बनणाऱ्या थारचाच प्रवास पाहा. 2010च्या गाडीला पुढे टॉर्शन बार होते आणि मागे पाटे. पाटे एकमेकांवर घासून थोडा धक्का जिरवतात खरे, पण ते घर्षण वेग पाहून वाढत-घटत नाही. छोट्या खड्ड्यावर अडून बसते आणि मोठ्यावर अपुरे पडते. 2020च्या थारमध्ये चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आल्या. 2024च्या थार रॉक्सला तर धक्क्याच्या वारंवारतेप्रमाणे मऊ-कडक होणारे शॉकअब मिळाले, आणि मागचा एक्सल आडवा सरकू नये म्हणून वॅट लिंकेज. खुद्द कंपनीने बुद्धी आणि पैसा कुठे खर्च केला, ते यावरून दिसते.

यावर कोणी म्हणेल, दगड पोटाला लागू नयेत म्हणून उंची लागतेच. लागते, पण ती सावकाश चढणाऱ्याला. स्प्रिंगखाली नुसता ठोकळा घालून मूळ लांबीचेच शॉकअब ठेवले, तर चाकाला खाली लोंबायची जागा तेवढीच कमी होते. पुढच्या एक्सलच्या सांध्यांचा कोनही ताणला जातो. भारी टायर हे शॉकअबसाठी आणखी एक ओझे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, अगदी शब्दशः: विंच, लोखंडी बंपर, छतावरचा कॅरिअर लावल्यावर कडक स्प्रिंग नको का? हवी. फक्त कडक स्प्रिंग जास्त जोराने उसळते, तेव्हा परतीच्या झडपाही तशाच कडक कराव्या लागतात. स्प्रिंग एका दुकानातून, शॉकअब दुसऱ्यातून, असा संसार नीट चालत नाही. तिसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायदा 1988चे कलम 52 आणि जानेवारी 2019चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडकाठी करतात. मूळ उंची राखून चांगला शॉकअब बसवणे हा त्यातल्या त्यात कमी धोक्याचा मार्ग. तरी आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारलेले बरे. बारनवापारासारख्या अभयारण्यातली वाट मात्र वेगासाठी नाहीच, शॉकअब कसलाही असो.

काम जमले की नाही, हे पाहायला साधी युक्ती आहे. कच्च्या वाटेवर पंधरा-वीस किलोमीटर दामटल्यावर गाडी थांबवावी आणि चारही शॉकअबांच्या जवळ हात न्यावा; चिकटवू नये, चटका बसेल. तीन गरम आणि एक गार असेल, तर बिघाड त्या गार शॉकअबात शोधावा.