चिंचेखालची मेंदी

कुंपणाची मेंदी वाळायला लागली की आपल्याकडे उपाय ठरलेला: खत. आमच्या कंपाउंडच्या मेंदीला शेणखत झालं, युरिया झाला. तरी फाटकाशी छातीएवढी दाट असलेली ओळ चिंचेखाली पोचेपर्यंत नुसत्या काड्यांवर आलेली. चिंच आंबट, तिच्याखाली काही जगत नाही, असंही सांगणारे सांगून गेले.

माळीमामांनी यातलं काही मनावर घेतलं नाही. त्यांनी ओळीपासून वीतभर लांब पहार घातली. वरची काळी माती सकाळच्या पाण्यानं बुटाला चिकटत होती, बोटभर खाली मात्र खडखडीत ढेकळं. ढेकूळ फोडलं तर आत चिंचेच्या बारीक मुळ्यांचं जाळं. “वरनं शिंपडल्यालं पानी हिनंच पिलंय,” मामा म्हणाले. “मेंदी तान्हेलीय, आन् तुमी तिला जेवाय वाढताय.”

सावलीचं दुखणं वेगळं. मेंदी मुळात उन्हाची. सावलीत तिला आधीच पानं कमी, आणि पान म्हणजे झाडाची चूल. आपण दर महिन्याला कात्री चालवून तीच विझवतो. त्यात छाटणी भिंतीसारखी सरळ, नाहीतर वर पसरट. मग वरच्या पानांची सावली खालच्यांवर, आणि बुंधा उघडा पडतो. कुंपण खाली रुंद, वर निमुळतं हवं, हे किती जणांना सांगून झालं! सरळ रेषेचा सोस सुटत नाही.

मृगाचा पाऊस लागल्यावर काम सुरू झालं. मामा एकेका काडीची साल नखानं खरवडून बघत. आत हिरवी लागली तर काडी गुडघ्याएवढी ठेवून वरचं कापायचं, तपकिरी लागली तर मुळासकट उपटायची. चिंचेची अंगठ्याएवढी मुळं त्यांनी पहारीनं चुकवली. मोठी मुळं तोडली तर वाऱ्यात झाडाचा आधार जातो. ऊन यावं म्हणून खालच्या फांद्या उतरवायच्या होत्या, पण शहरात 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, त्यामुळे आधी परवानगीचा अर्ज.

पाण्याचा प्रश्न अवघड. पंचगंगा उशाशी असून नळाला रोज पाणी नाही, असं हे गाव. शिंपडणं बंद करून उसातली जुनी ठिबकची नळी मेंदीच्या बुडाशी अंथरली. रोज थोडं देण्यापेक्षा चार दिवसांनी, पण हातभर खोल मुरेल इतकं. चिंच त्यातलंही पिणारच, पण मेंदीच्या मुळांना निदान खाली जाण्याचं कारण मिळतं. वर पाचटाचा थर. आपल्या भागात ऊस तुटला की पाचट पेटवून देतात, आणि उन्हाळ्यात इथल्या काळ्या जमिनीला भेगा पडून बारीक मुळं तुटतात. त्यावर पाचटाइतकं स्वस्त आच्छादन नाही. बुंध्यापासून चार बोटं मोकळी मात्र सोडायची, नाहीतर वाळवी.

चिंचेच्या अगदी बुडातली मेंदी आम्ही सोडूनच दिली. तिथं अडुळशाच्या काड्या खोचल्या. त्याला सावली चालते, काडीपासून सहज लागतो आणि शेळ्या तोंड लावत नाहीत. कडेला, जिथं दुपारचं थोडं ऊन येतं तिथं, कुंतीची रोपं. ती सावकाश वाढते.

मेंदीला फुटवा आलाय. शेंडे खुडायचे ते हातानं, तेही वीतभर वाढल्यावर. कात्री दिवाळीनंतर.