थायरॉईड काढल्यानंतरचे संथ रसायन

गळ्याच्या पुढच्या बाजूला श्वासनलिकेला बिलगून असलेली थायरॉईड, म्हणजेच अवटू ग्रंथी, शस्त्रक्रियेने पूर्ण काढून टाकली, तरी शरीराला तिची उणीव त्याच दिवशी जाणवत नाही. तिने आधी स्रवलेले थायरॉक्सिन हे संप्रेरक रक्तातील प्रथिनांना चिकटून फिरत राहते आणि त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. शस्त्रक्रियेनंतरच्या सगळ्या वाटचालीचे गणित या संथपणात दडलेले आहे, आणि रुग्णाला घरी सोडताना ही गोष्ट पुरेशा सविस्तरपणे सांगितली जायला हवी.

पहिल्या दोन-तीन दिवसांतील काळजी मात्र वेगळीच असते. अवटूच्या मागील बाजूस तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात आणि रक्तातील कॅल्शियमची पातळी त्या राखतात. शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा दुखावला गेला, तर कॅल्शियम घसरते, ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हातापायांत पेटके येतात. अशा वेळी वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे लागते. कॅल्शियम आणि क्रियाशील ड जीवनसत्त्व दिल्यावर बहुतेकांची ही उणीव काही आठवड्यांत भरून निघते, थोड्यांची मात्र कायम राहते. स्वरयंत्राची चेता ग्रंथीला लागूनच जात असल्याने आवाज काही काळ बसू शकतो.

ग्रंथी गेल्यावर संप्रेरक बाहेरून द्यावे लागते, हे ज्ञान मोठी किंमत मोजून मिळाले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी ही शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित केली की तिच्यातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आले. परंतु ग्रंथी पूर्ण काढलेल्या आपल्या १८ जुन्या रुग्णांना त्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांपैकी १६ जण सुजलेले, मंदावलेले आणि थिजल्यासारखे झालेले आढळले. हे निरीक्षण त्यांनी १८८३ साली लपवून न ठेवता जाहीर केले, आणि १९०९ साली नोबेल मिळवणाऱ्या या शल्यविशारदाचा हा प्रामाणिकपणा त्यांच्या हस्तकौशल्याइतकाच मोलाचा मानला पाहिजे. पुढे १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी अवटूची क्रिया मंदावलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला; ती आणखी २८ वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ साली शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले आणि चार्ल्स हॅरिंग्टन व जॉर्ज बार्जर यांनी १९२७ साली ते प्रयोगशाळेत घडवले.

आजची लिव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे हेच थायरॉक्सिन. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्यांतला एक काढून शरीराच्या ऊती अधिक क्रियाशील असे तीन अणूंचे संप्रेरक, म्हणजे टी-३, तयार करतात, आणि हे रूपांतर ग्रंथीविनाही होते, असे १९७० साली दाखवले गेल्याने या एकाच गोळीवर भिस्त ठेवता आली. मात्रा बहुधा दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅमच्या आसपास सुरू होते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक सोडून अवटूला चालना देत असते. थायरॉक्सिन कमी पडले की टीएसएच वाढते, अधिक झाले की उतरते. मात्रा बदलल्यावर नवा समतोल साधायला पाच-सहा आठवडे लागतात, म्हणून त्याआधी केलेल्या तपासणीवरून किंवा चार दिवसांच्या थकव्यावरून स्वतःच मात्रा बदलणे म्हणजे रुग्णाने स्वतःचे नुकसान करून घेणेच आहे. कर्करोगासाठी ग्रंथी काढलेल्या काही रुग्णांत टीएसएच मुद्दाम खाली ठेवले जाते, त्यामुळे शेजाऱ्याच्या अहवालाशी आपला अहवाल ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही खायचे-प्यायचे नाही, हा नियम वडोदऱ्याच्या पाणीगेटसारख्या जुन्या वस्तीत, जिथे उठल्याबरोबर दुधाचा चहा लागतो, वाटतो तितका सोपा नाही. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम चालू असलेल्यांनी तर हे विशेष जपावे. एकादशीच्या उपवासातही गोळी चुकवू नये. मे महिन्यात शहराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि उष्णता व दमटपणाने हे औषध निकामी होत जाते, म्हणून बाटली शेगडीजवळच्या फळीवर ठेवणे टाळावे. पाणीगेटला शासकीय आयुर्वेद रुग्णालय असल्याने काढ्यांचा विचार तिथल्या घरांत सहज येतो; सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहेही, परंतु ग्रंथीच उरली नसेल तर तिला चालना देणारे औषध कामाला येत नाही. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे काही तपासण्यांत टीएसएच खोटे कमी दिसते, म्हणून रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते थांबवावे.

टीएसएच योग्य पातळीवर येऊनही काही रुग्णांचा थकवा हटत नाही, आणि 'अहवाल तर ठीक आहे' असे म्हणून त्यांची तक्रार मोडीत काढणे अन्यायाचे आहे. रक्तक्षय, ड जीवनसत्त्वाची उणीव, झोप, नैराश्य यांचा शोध तिथे घ्यायला हवा. गर्भवतीच्या बाबतीत मात्र उशीर परवडत नाही: गर्भाची स्वतःची अवटू पहिल्या तीन महिन्यांनंतरच काम करू लागते, तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते आणि आईची गरज बहुधा चौथ्या हिश्शाने किंवा त्याहून अधिक वाढते, त्यामुळे दिवस राहिल्याचे कळताच, पुढच्या नेमलेल्या तपासणीची वाट न पाहता, डॉक्टरांना गाठून मात्रा वाढवून घ्यावी लागते.