स्वस्त कन्सोल महाग केव्हा पडतो?

आग्रा-मुंबई रस्त्यावर महू मागे टाकून पुढे गेले, की घाट उतरण्यापूर्वी मानपूर लागते. तेथे आमच्या एका आप्तांच्या घरी गेल्या सुटीत मोठा वाद माजला होता. दहावी उत्तीर्ण झालेल्या चिरंजीवांस व्हिडिओ गेमचा कन्सोल हवा होता. वडिलांनी पैसे बाजूस काढून ठेवले होते. मात्र इंदुरास जाऊन कोणता आणावा, याविषयी घरात तीन माणसांची तीन मते होती. निवाडा मजकडे आला. कोणते यंत्र अधिक बलवान, हा मुलाचा प्रश्न. कोणते गिऱ्हाइकाच्या हिताचे, हा घरसंसाराचा. मी दुसराच हाती घेतला.

आपल्याकडे एक्सबॉक्सचे सिरीज एक्स व सिरीज एस हे दोन कन्सोल १० नोव्हेंबर २०२० रोजी आले, आणि सोनीचे प्लेस्टेशन ५ हे २ फेब्रुवारी २०२१ रोजी. तेव्हा सिरीज एक्स आणि डिस्क चालविणारे प्लेस्टेशन, दोहोंची किंमत ४९,९९० रुपये होती. डिस्कची सोय नसलेले प्लेस्टेशन ३९,९९० रुपयांना, तर तशीच, पण शक्तीनेही कमी असलेली सिरीज एस ३४,९९० रुपयांना मिळे. वरवर पाहता ही बचतच होय. परंतु डिस्क नाही म्हणजे प्रत्येक खेळ त्या कंपनीच्याच दुकानातून, तिच्याच भावाने, इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा. खेळून झाल्यावर तो मित्रास देता येत नाही, की अर्ध्या किमतीस विकून दुसरा आणता येत नाही. चार मुले आळीपाळीने डिस्क वापरतात अशा गावात हा तोटा लहान नव्हे.

हा हक्क गिऱ्हाइकांनी एकदा भांडून राखलेला आहे. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी, यंत्राने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटशी संपर्क साधलाच पाहिजे, व वापरलेले खेळ देण्याघेण्यावर बंधने राहतील, असे जाहीर केले. सोनीने लागलीच एक छोटीशी चित्रफीत काढली. आपला खेळ मित्रास कसा द्यावा? एकाने डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली, आणि धडा संपला! लोकांचा रोष पाहून मायक्रोसॉफ्टने त्याच जून महिन्यात ती बंधने मागे घेतली. दोन व्यापाऱ्यांची चढाओढ गिऱ्हाइकाच्या पथ्यावर पडते, ती अशी.

तथापि एकाच कंपनीस सर्व श्रेय देणे न्यायाचे होणार नाही. जुने खेळ जपण्यात एक्सबॉक्स पुढे आहे. सिरीज एक्सवर पहिल्या एक्सबॉक्सच्याही अनेक डिस्क चालतात; प्लेस्टेशन ५ वर मागच्या पिढीचे बहुतेक खेळ चालतात, पण प्लेस्टेशन ३ च्या डिस्क चालत नाहीत. उलट साठवणीची जागा वाढवावयाची, तर सोनीच्या यंत्रात बाजारातील साधी, योग्य मापाची एसएसडी बसते. एक्सबॉक्सच्या नव्या खेळांना मात्र खास त्याच्यासाठीच केलेले कार्ड लागते. निन्टेंडोचा स्विच २०१७ साली निघाला, तो येथे आयातदारांमार्फतच आला. अशा मालाची हमी कोण निभावणार, हे दुकानदारास आधी विचारावे. शिवाय विकत घेतलेले बहुतेक खेळ इंटरनेटवरून दुसऱ्यांशी खेळावयाचे, तर तिन्ही कंपन्या निराळी वर्गणी घेतात. ती वर्षानुवर्षे भरावी लागते. म्हणून किमतीत धरूनच हिशेब करावा.

डिस्क हाती असली म्हणजे सारे निर्धास्त, असेही नव्हे. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ साली विक्रीस आला. कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले, आणि डिस्क घरात असूनही तो खेळणे अशक्य झाले. पैसे मोजणाऱ्याच्या हाती केवळ परवाना होता, वस्तू नव्हती.

तेव्हा खरेदीपूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. डिस्क चालते काय? जुने खेळ चालतात काय? इंटरनेटविना खेळता येते काय? बिघडल्यास दुरुस्ती कोठे होते? उत्तरे मिळाल्यावर पक्के बिल घेऊन जपून ठेवावे. तक्रारीची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आमच्या आप्तांनी अखेर डिस्कचे यंत्र आणले. पहिलीच डिस्क शेजारच्या घरी गेली आहे. चिरंजीव तिची वाट पाहत आहेत.